ताईची परवानगी

नळाचं पाणी पिऊ नका, उकळलेलं मागा. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. देवळात शिरताना चपला बाहेर काढा. विज्ञान परिषदेला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना काय काय सांगायचं, याची मधुकर आठवडाभर घरात तालीम करत होता. सोबत कानडीतले चार शब्दही होतेच. पुरे म्हणायचं तर साकु, नाही म्हणायचं तर इल्ला, मोठी बहीण म्हणजे अक्का, आई म्हणजे तायी.

शालन मशीनवर ब्लाउज शिवता शिवता ऐकायची. पाहुण्यांतल्या एक स्विस बाई, डॉक्टर वेबर, मधुकरला आपल्या प्रयोगशाळेत न्यायला तयार होत्या. एकदा तिकडे गेलेला मुलगा परत कशाला येतोय? मग या घरात तिने कुणासाठी चूल पेटवायची?

मधुकर रांगायलाही लागला नव्हता, तेव्हा त्याला कडेवर घेऊन ती निपाणीहून बंगलोरला उतरली होती. आईवडील पटकीत गेले, एवढंच ती सांगायची. लग्नाचा विषय निघाला की उठून कामाला लागायची. भावासाठी जन्म जाळला हो पोरीने, असं मल्लेश्वरमातल्या मराठी बायका हळहळून म्हणत. मधुकर तिला ताई म्हणायचा, आणि ते ऐकून कोपऱ्यावरचा कानडी दुकानदार बसवंत तिला त्याची आईच समजायचा. शालन त्याला तिथल्या तिथे दटावायची. तायी नव्हे, अक्का म्हणा.

परिषद संपली आणि वेबरबाई घरी जेवायला आल्या. पाटावर बसून त्यांनी वरणभात बोटांनी कालवला, दोनदा मागूनही घेतला. मधुकर म्हणाला, "ताई, तूप वाढ गं."

बाईंचा हात ताटातच थांबला. शालनकडे वळून त्या इंग्रजीत बराच वेळ, अगदी गंभीरपणे बोलल्या. मधुकरला हसू आवरेना.

"ताई ऐकून तुला माझी आई समजल्या गं त्या," तो म्हणाला. "मुलाला न्यायचं तर आधी तुझी परवानगी हवी म्हणतात. मी सांगितलं, ही बहीण. आई केव्हाच वारली, परवानगी विचारायला आता कुणी नाही."

वाईट हेतू नव्हता बिचाऱ्याचा. पण शालनच्या जिव्हारी लागलं. त्याच्यासाठी इतक्या खस्ता काढल्या, आणि विचारायला कुणी नाही?

"जाऊन ये," ती म्हणाली. "सुखाने जाऊन ये."

जेवणानंतर मधुकर टॅक्सी आणायला गेला. दोघी व्हरांड्यात उभ्या राहिल्या. शालनला इंग्रजी येत नव्हतं, बाईंना मराठी. आपण भलतंच बोलून बसलो, हे बाईंना फार लागलेलं दिसत होतं. त्यांनी हात जोडले आणि शिकवलेले शब्द आठवत आठवत म्हणाल्या, "तायी इल्ला. अक्का."

शालनने रस्त्याकडे पाहिलं. मधुकर अजून दिसत नव्हता. तिची परवानगी घ्यायला हवी असं ज्याला वाटलं, ते जगातलं एकच माणूस तिच्यापुढे हात जोडून उभं होतं. तिने ते हात आपल्या हातात घेतले.

"अक्का इल्ला," ती हळूच म्हणाली. "तायी."