दुसरी खुर्ची

चौथीतली नात पुस्तक घडाघडा वाचायची आणि मी शिलाई मशीन थांबवून कौतुकाने ऐकायचो. एकदा शाळेत जादा वाचनवर्गाच्या बाईंनी माझ्यासमोर शब्दाएवढी खिडकी कापलेला पुठ्ठा पानावर ठेवला. एकच शब्द दिसताच ती गप्प झाली. “आजोबा, हिला धडे पाठ आहेत, वाचता येत नाही. तुम्हाला कळलं कसं नाही?” “बाई, मला तरी कुठे येतं?” न हसता त्यांनी दुसरी खुर्ची ओढली. “मग दोघंही या.” वर्षभर शाळा सुटल्यावर आम्ही शेजारी बसून शिकलो. तोंडी परीक्षेला नवंच पान आलं. ते जमलं नाही तर पुन्हा चौथीच. निम्म्यावर ती एका शब्दाशी अडली. तिच्या मागे बसलेल्या मला तो वाचता आला, पण मी ओठ मिटले. अक्षरं जोडत तिने तो वाचला. “तुम्हाला आधीच आला होता ना?” बाईंनी हळूच विचारलं. मी हात जोडले.