शनिवारची कॉफी

वेटर वही-पेन घेऊन उभा राहिला, तेव्हा चिमणीने मेनूकार्ड न उघडताच बाजूला सारलं.

"मला काही नको. पोट बिघडलंय."

"मागच्या शनिवारीही बिघडलं होतं," ताई म्हणाली. ती बाकीच्यांपेक्षा वर्षभराने मोठी, म्हणून वसतिगृहात सगळ्यांचीच ताई. तिसरी, मौनी, मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. तिघी एकाच खोलीत राहायच्या आणि गेले चार महिने दर शनिवारी या कॉफीच्या दुकानात यायच्या.

"नेहमीचंच ना?" वेटरने विचारलं.

"दोन मिनिटं द्या हं," ताई म्हणाली.

तो गेल्यावर ताईने आवाज खाली आणला. "सकाळी रेक्टरबाई भेटल्या होत्या. तू खोली बदलून मागितलीस म्हणे."

चिमणी बाजूला सारलेलं मेनूकार्ड उगाच सरळ करू लागली.

"आमचं काय चुकलं ते तरी सांग. पाठीमागे अर्ज कसले देतेस?"

"तुमचं काही नाही चुकलं. मला झेपत नाही गं."

मग तिने एका दमात सांगून टाकलं. घरून येणाऱ्या पैशांत महिना निघायचा, शनिवार निघायचा नाही. म्हणून तिने रात्रीची मेस बंद केली होती. वाचनालयात उशीर होतो, तिकडेच खाते, असं ती या दोघींना सांगायची. तिकडे ती पाणी पिऊन वाचत बसायची.

"तुम्हाला इथलं आवडतं. मी नाही म्हटलं तर तुमचाही विरस. त्यापेक्षा खोलीच सोडलेली बरी."

"मला आवडतं?" ताई म्हणाली. "कोणी सांगितलं तुला? काढा प्यायल्यासारखी पिते मी ती कॉफी. नंतर रात्रभर टक्क जागी!"

"मग येतेस कशाला?"

"पहिल्यांदा तूच म्हणालीस ना, किती छान जागा आहे!"

"छान आहे म्हटलं. दर आठवड्याला येऊ कुठे म्हटलं?"

ताईला हसू फुटलं. चिमणीलाही. हसता हसता दोघींनी मौनीकडे पाहिलं. तिने मोबाइल पालथा ठेवला होता.

"तुम्ही निघता म्हणून मी निघते," ती म्हणाली. "घरी सांगितलंय, शनिवारी जादा शिकवणी लावलीय. तिची फी म्हणून आई पैसे पाठवते." तिने पालथा मोबाइल जरा दूर सरकवला. "त्यासाठी तिने आणखी दोन घरचं शिवण घेतलंय. परवा म्हणाली, सुईत दोरा ओवताना आता शेजारणीला हाक मारावी लागते."

हसू तिथेच विरलं. मशीनची वाफ फुसफुसत होती. शेजारच्या टेबलावर कोणीतरी कपाचा फोटो काढत होतं.

वेटर परत आला. "नेहमीचंच?"

"नको," ताई म्हणाली. "आज काहीच नको."

त्याने मेनूकार्ड उचललं आणि स्वच्छच असलेलं टेबल पुन्हा एकदा पुसलं. तिघी उठल्या.

बाहेर फूटपाथवर उजेड अजून भरपूर होता. "अर्ज मागे घे," ताई म्हणाली. चिमणीने मान डोलावली. मौनी जरा बाजूला जाऊन घरी फोन लावत होती. पलीकडून फोन उचलला गेला नाही. तिने पुन्हा लावला, मग फोन हातातच धरून परत येऊन उभी राहिली.

"मग आता कुठे जायचं?" ताईने विचारलं. "यावेळी खरं सांगा. तुम्हाला काय आवडतं?"

चिमणीने मौनीकडे पाहिलं. मौनीने ताईकडे.

"आधी तू सांग," चिमणी म्हणाली.