त्रेसष्ट हरकती

तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बाक रिकामं होतं, तरी सुमनताई मोघे उभ्याच राहिल्या. समोर भैरवगढ मोहल्ल्याची माणसं दाटीनं उभी होती. कापडावर ठसे मारणारे छिपे. कितीही हात धुतले तरी ज्यांच्या बोटांवरचा लाल-काळा रंग जात नाही असे. त्यांतल्या निम्म्यांना ताईंनी प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. दोघा-तिघांनी "नमस्ते बहनजी" म्हटलं. ताईंनी मान हलवली, पण नजर काही वर गेली नाही.

नोटीस पर्समध्ये होती. अठ्ठ्याण्णवची विधानसभा दिवाळीनंतर होती, मतदार याद्या दुरुस्त होत होत्या. ही त्रेसष्ट माणसं भैरवगढात राहत नाहीत, त्यांची नावं यादीतून काढा, अशा त्रेसष्ट हरकती कचेरीत आल्या होत्या. प्रत्येकीखाली सही सुमनताईंची.

श्रावणात इंदूरचा आल्हाद बिडवई घरी आला होता. एका उमेदवाराचा तो सल्लागार; कुठल्या गल्लीत कुणाची किती मतं हे कॉम्प्युटरवर काढून द्यायचा. मुलगा गोड. वाकून नमस्कार केला, साबुदाण्याची खिचडी मागून खाल्ली. "काकू, नवी नावं चढवायची आहेत, शिकलेल्या माणसाची साक्ष लागते," म्हणाला. फॉर्मवरचा छापील मजकूर बारीक होता, नावांच्या जागा कोऱ्या. चष्मा आतल्या खोलीत होता. ताईंनी उठायचा कंटाळा केला.

आता तोच आल्हाद खांबाआडून पुढे आला. कमरेला पेजर, हातात फाइल.

"काकू, उगीच टेन्शन घेऊ नका," तो हळू आवाजात म्हणाला. "साहेबांनी विचारलं तर आठवत नाही म्हणा. या वयात कुणी काही म्हणणार नाही. ते पुढची तारीख देतील."

"पुढच्या तारखेपर्यंत ही नावं गळून यादी छापून झालेली असेल."

आल्हादनं पेजरकडे पाहिलं. "ते कचेरीचं काम, काकू. तुमच्यापर्यंत काही येणार नाही, एवढं मी बघतो."

तेवढ्यात आतून पुकारा झाला.

नायब तहसीलदारांनी ताईंना खुर्ची दिली. टेबलाच्या पलीकडे छिप्यांच्या वतीनं युनूस उभा होता, चाळिशीचा, कानावरचे केस पिकलेला. तिसरीत असताना तो खिडकीशी बसायचा, ते ताईंना उगीचच आठवलं.

साहेबांनी फॉर्मांचा गठ्ठा त्यांच्यासमोर सरकवला. "माताजी, ये दस्तख़त आपके हैं?"

ताई तोंड उघडणार, त्याआधी युनूसच बोलला. "साहब, जाली हैं. हम लिखकर देने को तैयार हैं. इन बहनजी ने हमारे मोहल्ले के आधे लोगों को पढ़ाया है. ये कभी नहीं लिखेंगी कि हम वहाँ नहीं रहते."

मागे माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी "बिलकुल" म्हटलं.

साहेब ताईंकडे बघत राहिले. सुटका अगदी हाताशी होती. नुसतं गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. खोटं युनूसच्या तोंडचं ठरलं असतं, आणि तेही खरं समजून. ताईंनी पर्समधून चष्मा काढला, घातला आणि वरचा फॉर्म सावकाश वाचला. मग दुसरा.

"मेरे ही हैं," त्या म्हणाल्या. "सब मेरे हैं. बिना पढ़े किए."

युनूस त्यांच्याकडे पाहत राहिला. मागच्या माणसांनी माना खाली घातल्या, आणि ते ताईंना फार जड गेलं.

"कौन लाया था?" साहेबांनी विचारलं.

ताईंनी नाव सांगितलं. शिपाई बाहेर बघून आला. व्हरांड्यात आल्हाद नव्हता.

"बयान लिखना पड़ेगा," साहेब म्हणाले. "बात आप पर भी आ सकती है. सरकारी पेंशन है आपकी, सोच लीजिए."

"लिखिए."

बयान झालं. ताईंनी हरकती मागे घ्यायचं म्हटलं, तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिलं. यादी दुरुस्तीचा आज शेवटचा दिवस होता. प्रत्येक हरकतीसाठी वेगळा अर्ज लागणार होता, पाच वाजायच्या आत.

सुमनताई बाहेर येऊन बाकावर बसल्या. कोरे कागद शिपायानं दिले. त्यांनी मांडीवर फाइलचा पुठ्ठा ठेवला आणि लिहायला घेतलं. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं होतं, गोल आणि सुटं. माणसं थोडी लांब उभी राहून बघत होती. ताईंजवळ कुणी आलं नाही.

पहिला अर्ज लिहून झाला. पेन सहीच्या जागेवर आलं आणि थांबलं.

"युनूस," त्यांनी हाक मारली.

तो लगेच हलला नाही. मग आला.

ताईंनी कागद त्याच्या हातात दिला. "पढ़ो. ज़ोर से."

युनूसनं कागद उजेडाकडे धरला. एकेका शब्दाखाली रंगलेलं बोट फिरवत त्यानं वाचलं, नाव, बापाचं नाव, घर नंबर, सगळं. एका ओळीवर अडला, पुन्हा मागे जाऊन वाचली. शेवटापर्यंत येऊन त्यानं कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"ठीक है, बहनजी."

मग त्यांनी सही केली, आणि दुसरा कागद ओढला.