मुकं भजन

"माणसाच्या बुद्धीपुढे कुठलंही यंत्र टिकत नाही," असं जाहीर करून मी कॉम्प्युटरला चापट मारली. तो गप्पच राहिला. टीव्ही ट्यूनर कार्डाच्या कृपेने पडद्यावर निवेदिका दिसत होती, आवाज मात्र नव्हता. पाच मिनिटांत आमच्या हिच्या भजनी मंडळाचं आधी रेकॉर्ड केलेलं भजन आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर लागणार होतं.

सून हेमांगी खांद्यावरची पर्सही न काढता खुर्चीत बसली.

"कार्डाची वायर साउंड कार्डात खोचलीय ना, बाबा?"

"कालच. चापट्याही तेव्हापासूनच चालू आहेत."

"कॉम्प्युटरवर लिनक्स सिस्टीम नवीन टाकली की काही आवाज आपणहून बंदच असतात."

तिने काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्यांची रांग आणली. "प्रत्येक आवाजाची पट्टी वेगळी, आई," तिने सासूला समजावलं. मग टीव्हीची पट्टी शोधून एकच बटण दाबलं, आणि मंडळाचे टाळ खणखणीत ऐकू आले. मी मनोमन हात जोडले. असली बुद्धी आमच्या खानदानात लग्न करूनच येते.

हिने डोळे मिटून दोन ओळी ऐकल्या. मग सुनेच्या कानाशी वाकली.

"आता टीव्हीत माझ्या शेजारी बसून गाणाऱ्या प्रधानबाईंची पट्टी तेवढी खाली घे गं."