पांढरं पिंप

“परवा साहेब येतील. त्याआधी हे झाकण काढून ठेवा,” मंत्र्यांचे सचिव म्हणाले.

झाकण म्हणजे लोखंडी चौकटीला टांगलेलं माणसाएवढं पांढरं पिंप. गच्चीवर पाण्याची टाकी म्हणून ठेवलं असतं, तर कुणी मान वळवून पाहिलं नसतं. आत मात्र क्वांटम संगणकाचं, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्यांचं आणि नळ्यांचं झुंबर होतं. त्याच्या तळाशी नखाएवढी एक चकती होती आणि सगळं काम तीच करत होती. सचिवांना नखाशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांना झुंबर हवं होतं.

“मोजणी चालू आहे,” प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या. “झाकण काढायचं तर यंत्र बंद करावं लागतं. आतली थंडी गेली की महिनाभराचं काम पाण्यात.”

“मग साहेबांनी या पिंपाशेजारी उभं राहून फोटो काढायचा?”

सचिव नाक मुरडून चहाला गेले. मागे उरले संस्थेचे संचालक. बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. क्वांटम संशोधनाला पाठबळ देणारा कायदा नुकताच मंजूर झाला होता आणि त्याखाली कुठल्या प्रयोगशाळांना राष्ट्रीय केंद्र करायचं, ते मंत्री स्वतः फिरून ठरवत होते. केंद्र मिळालं तर पुढची चिंता मिटली. नाही मिळालं तर वर्षअखेर दाराला कुलूप. हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

“अगं, एका फोटोचा तर प्रश्न आहे,” संचालक म्हणाले. “हे यंत्र मिळवायला मी किती उंबरे झिजवलेत, तुला माहीत आहे.”

“माहीत आहे, सर. म्हणूनच ते शोभेला ठेवू देत नाही.”

संचालकांनी यंत्र थंड ठेवणाऱ्या पंपाच्या बटणाकडे हात नेला. बाई हलल्या नाहीत.

“तुम्ही संचालक आहात, तुम्ही बंद करा. पण मग केंद्राच्या प्रस्तावावर माझं नाव राहणार नाही.”

हात तसाच मागे आला. त्यानंतर दोन दिवस ते बाईंशी एक अक्षर बोलले नाहीत. बाईंना भीती वाटत नव्हती असं नाही. आपल्या हट्टापायी इतक्या जणांच्या पोटावर पाय येईल, हा विचार पाठ सोडत नव्हता. पण पंप आपली टकटक करत राहिला आणि पडद्यावरची मोजणीची रेघ जिथं असायला हवी तिथंच राहिली. ती रेघ पाहिली की त्यांची मान पुन्हा ताठ व्हायची.

मंत्री आले ते लवाजम्यासकट. फोटोवाला आत शिरला, पिंपाभोवती एक फेरी मारली आणि कॅमेरा खाली करून उभा राहिला. संचालक भिंतीकडे पाहत होते.

“झुंबर कुठंय?” मंत्र्यांनी विचारलं.

“मी सांगितलं होतं, साहेब,” सचिव घाईघाईनं म्हणाले. “मॅडमनी ऐकलं नाही.”

“आत आहे,” बाई म्हणाल्या. “आत्ता काम करतंय. झुंबर डोळ्यांना दिसतं, तेव्हा ते बंद असतं.”

मंत्र्यांनी पिंपाला हात लावला. “गार तर लागत नाही.”

“गारवा बाहेर आला तर तो आमच्या काय कामाचा, साहेब? केंद्र द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. उघडणार मात्र नाही.”

संचालकांनी डोळे मिटून घेतले. मंत्री पिंपावरचा हात न काढता उभे राहिले. मग ते हळूच सचिवांकडे वळले.

“आपण ज्या ज्या प्रयोगशाळा पक्क्या केल्या, तिथं सगळीकडे झुंबर दिसत होतं ना?”

“हो, साहेब. छान लखलखीत.”

“सगळीकडे?”

सचिवांनी होकारार्थी मान हलवायला घेतली आणि ती मध्येच थांबली. त्यांनी पिंपाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“मग आपण चालू यंत्र पाहिलं तरी कुठं?” मंत्री म्हणाले.

सचिवांनी घसा खाकरला. “हे पहिलंच, साहेब.”