नावांच्या जागा

"लाव," आक्का म्हणाली.

धनेशने माऊस दाबला आणि स्पीकरमधून आक्काचाच आवाज बाहेर आला. पलंगावर मांडी घालून बसलेली आक्का स्पीकरकडे टक लावून बघू लागली, जणू दारात कुणी जुनं ओळखीचं माणूस येऊन उभं राहिलंय.

शुक्रवार होता. भिवंडीच्या नारपोलीतले कापडाचे लूम शुक्रवारी बंद, म्हणून तर सकाळी रेकॉर्डिंग जमलं होतं. शेजारच्या शेडची खटखट थांबली की गल्लीत आपलं चावणंसुद्धा आपल्याला ऐकू येतं. तरी धनेशने खिडकीला दोन गोधड्या टांगल्या होत्या, आणि पिठाच्या चाळणीची जाळी काढून कड्यावर मांजरपाट ताणून तो, श्वासाची फुंकर लागू नये म्हणून, दीडशे रुपयांच्या माइकपुढे बांधला होता. एक जुना काँप्युटर आणि सायबर कॅफेतून सीडीवर आणलेलं फुकटचं सॉफ्टवेअर, एवढ्या भांडवलावर स्वारी साउंड इंजिनिअर झाली होती.

आक्का धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्याही आधी जिचा गळा लागतो, ती. चाळीस वर्षं तिने वळ गावापासून निजामपुऱ्यापर्यंत हळदीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायले. सगळी वस्ती तिला आक्का म्हणायची, म्हणून नातवंडंही आक्काच म्हणत. सोमवारी तिच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि आक्काने विचारलं नव्हतं. धनेशला तिने एवढंच सांगितलं होतं, की तुझ्या बहिणीच्या लग्नात धवला माझ्याच गळ्याचा वाजला पाहिजे. ती बहीण, मृणाली, आत्ता आठवीत होती आणि पलंगाच्या कडेला बसून बोरं खात होती.

गाणं थोडं पुढे गेलं आणि आक्काच्या कपाळाला आठी पडली.

"थांबव. ह्यो धवला माजा न्हाय."

"तुझाच आहे आक्का. साफ केलाय फक्त. तुझा दम तुटत होता ना, मधेच गप्प व्हायचीस. त्या बाराही रिकाम्या जागा काढून टाकल्या. एका बटणात! बघ ना, कसं सलग वाजतंय." धनेश शाबासकीची वाट बघत होता.

"दम न्हाय तुटला माजा," आक्का म्हणाली. "तिथं नावं येतात."

"कसली नावं?"

"ज्याचं लगीन त्याचं नाव. 'पाटावं कोन बसलाय गो' बोलायचं, मंग नवऱ्याचं नाव घ्यायचं. हिचं नाव सासरी काय ठेवतील, हिचा नवरा कोन, ते मना काय म्हायती? म्हनून जागा सोडली त्याला. तू तर त्याच्या खालचा पाटच काढून घेतलास!"

मृणाली फसकन हसली. धनेश हसला नाही. त्याने जुन्या रेकॉर्डिंगवरच हे नवं सेव्ह केलं होतं. आता पुन्हा गा म्हणायची सोय नव्हती. सकाळपासून गाऊन आक्काचा आवाज पार बसला होता, घोगरं कुजबुजणं तेवढं उरलं होतं. आणि घड्याळात दोनला दहा मिनिटं कमी होती. दोनला लाइट जायची. भिवंडीत दुसरं काही वेळेवर होवो न होवो, हे व्हायचंच.

"सॉफ्टवेअर बंद केलेलं नाही अजून," तो स्वतःशीच पुटपुटला. "लाइट आहे तोवर उलटं जाता येईल."

त्याने 'अनडू'चं बटण दाबलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं. म्हातारा काँप्युटर एकेक पाऊल मागे टाकू लागला. नातवाच्या मानेवरचा घाम बघून आक्काला काय ते कळलं, आणि तिने एकवीरेला हात जोडले.

दोनला चार मिनिटं कमी असताना पडद्यावरच्या आवाजाच्या नागमोडी रेघा एकमेकींपासून सरकल्या. मधेमधे सपाट, सरळ रेघा दिसू लागल्या. धनेशने आधी सेव्ह केलं, मग मोजल्या.

"आल्या आक्का. बाराच्या बारा!" त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती.

"लाव परत. बघू दे, नाव बसतंय का त्याच्यात."

'हलदीच्या पाटावं कोन बसलाय गो,' स्पीकरमधली आक्का म्हणाली आणि थांबली. पडद्यावर सरळ रेघ चालू लागली. खोलीत काहीच वाजत नव्हतं. त्या शांततेत पलंगावरची आक्का घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"कालूराम."

मृणालीचं बोर तोंडातच राहिलं. काळूराम हे आजोबांचं नाव. ते तिला लाइटच्या बिलावरून माहीत होतं. आक्का नेहमी 'ते' म्हणायची, नाहीतर 'धनेशचा आजा'. शेकडो नवऱ्यांची नावं आक्काने भर मांडवात, पाहुण्यांसमोर खड्या आवाजात घेतली होती. स्वतःच्या नवऱ्याचं एकदा कधीतरी उखाण्यात घेतलं असेल तेवढंच.

धवला पुढे गेला. 'शेजारी नवरी कोन बसली गो.' पुन्हा सरळ रेघ.

"गोदू," आक्का म्हणाली.

या नावाने आक्काला हाक मारणारं आता कुणीच उरलं नव्हतं. तिने ते इतक्या हळू उच्चारलं, की मागून कुणीतरी ओ देईल असं वाटलं. तिचा चेहरा बघून मृणालीला उगाचच रडू आलं.

धनेशचा हात माउसवर सरकला. रेकॉर्डिंगचं लाल बटण तिथेच होतं. आक्काने त्याचं मनगट धरलं.

"नको रं. ती जागा मृणालीच्या मानसाची हाय. आमचं लगीन लागलंय कवाच."