हातावर हात

फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि मामाचा आवाज खोलीभर येत होता. आई एका पँटची दुमड हाताने शिवत बसली होती. "आई, मामाला सांग ना, माझा दात," तिच्या बडबड्या लेकीने, टकळीने, सुरुवात केली, आणि आईची भुवई वर गेलेली पाहून ती थांबली. मग तिने आपला हात आईच्या मनगटावर ठेवला. आईने न बघताच त्यावर आपला हात ठेवला आणि ती मामाचं ऐकत राहिली.

हा नियम घरात नवाच होता. आईची शिवणकामाची गिऱ्हाइकं घरीच येत. माप घेताना टकळीने मध्येच तोंड घातलं की आकडा आईच्या डोक्यातून उडून जाई, आणि त्यापायी एका भल्या गृहस्थांची पँट घोट्याच्या चांगलीच वर गेली होती. ओरडून, डोळे वटारून काही उपयोग झाला नाही. शेवटी आईनेच ही युक्ती काढली. बोलायचं असेल तर हात ठेवायचा. आईने त्यावर हात ठेवला की समजायचं, तिला कळलंय, आता आपली पाळी येणार.

मामाचं वाक्य संपलं. "हं, बोल आता," आई म्हणाली. टकळीने हलणारा दात फोनपुढे हलवून दाखवला. मामाला तो दिसण्याची काही सोय नव्हती, तरी त्याने तोंडभर कौतुक केलं.

"तर रविवारी मी गाडी घेऊन येतो," मामा पुढे म्हणाला. "बाबांची खोली तयार आहे. बाथरूम अगदी लागून. तुलाही जरा उसंत मिळेल."

"हो रे दादा. बाबांचीही काही ना नाही."

आईचे बाबा, म्हणजे टकळीचे आजोबा, खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि जीभ जड झाली होती. डोकं शाबूत होतं, पण एकेक शब्द त्यांना पाणी शेंदावं तसा ओढून काढावा लागे. जायचं का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं, पण उत्तरही विचारणाऱ्यांनीच देऊन टाकलं होतं.

"म... मला..." आजोबा म्हणाले.

"पाणी ना, बाबा? टकळे, आजोबांना पाणी दे."

टकळीने पाणी दिलं. आजोबांनी ते पिऊन टाकलं. तहान नव्हती, पण पाणी पिणं सोपं होतं.

"जा... जायचं..."

"रविवारी, बाबा," फोनमधून मामा म्हणाला. "तुम्ही कसलीही काळजी करू नका."

"बघ, त्यांच्याही डोक्यात तेच आहे," आई म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. बाबांचे ओठ असे धडपडताना तिला बघवत नसे. त्यांचं वाक्य आपण पुरं केलं की त्यांची सुटका झाली, असंच तिला वाटायचं.

आजोबा मागे टेकले. टकळी त्यांच्या कानाशी गेली.

"आजोबा, तुम्ही मध्येच बोलता ना, म्हणून आई ऐकत नाही," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "असं नाही करायचं. हात ठेवायचा आणि गप्प बसायचं."

तिने जोर लावून त्यांची खुर्ची आईच्या बाजूला थोडी सरकवली. आजोबांनी नातीकडे पाहिलं. मग डावा, धडधाकट हात खुर्चीवरून उचलून पुढे केला.

मामा गाडीच्या वेळेबद्दल बोलत होता. आईच्या मनगटावर हात पडला. तिने सुई दुमडीत टोचून ठेवली, आणि फोनकडेच बघत त्या हातावर आपला हात ठेवला. "सकाळीच ये म्हणजे ऊन लागायच्या आत..." असं म्हणता म्हणता ती अडखळली. रोज तिच्या तळव्याखाली अख्खा झाकला जाणारा हात आज झाकला गेला नव्हता. बोटं बाहेर उरली होती, गार आणि हाडकुळी.

तिने वळून पाहिलं. टकळी खुर्चीमागे उभी होती. ओठ मिटून आजोबा आपली पाळी येण्याची वाट बघत होते.

याच हाताला धरून आई रस्ता ओलांडायला शिकली होती.

"हं, बाबा," ती म्हणाली. "बोला."

आजोबांचे ओठ उघडले. तिच्या जिभेवर लगेच काही शब्द आले. ते तिने गिळले.

"पण मी काय म्हणतो, रविवारी मी..." फोनमधून आवाज आला.

"दादा, मध्ये बोलू नकोस," ती म्हणाली. "बाबा बोलतायत."

आजोबांच्या तोंडून अजून एक अक्षरही फुटलं नव्हतं.